चालकाचे दात

पाच वर्षांच्या मुलीला मंडळाची आगगाडी चालवायला द्यावी की नाही, हा विषय लघुप्रमाण रेल्वे मंडळाच्या मासिक सभेपुढे सचिवांनी ठेवला, तेव्हा तो त्यांना दोनदा वाचून दाखवावा लागला. असा विषय पूर्वी कधी आला नव्हता. सभेत सहसा बोगद्याच्या तोंडाशी लावायच्या गवताचा रंग, तळ्याची गळती आणि पुढच्या वेळी चहा कोणी आणायचा, एवढ्यावरच भांडणे होत.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. लांबट खोली, आणि खोलीत कडेकडेने आडवे होऊन कसेबसे फिरता येईल एवढी जागा सोडून मांडलेले टेबल. टेबलावर एक अख्खा मुलूख वसवलेला होता. कागदाच्या लगद्याचे डोंगर, काड्यांचे पूल, हिरव्या भुशाची शेते, लाल कौलांचे स्टेशन आणि फलाटावर गाडीची वाट पाहणारे प्लॅस्टिकचे प्रवासी. त्यात एक छत्रीवाली बाई होती, एक बॅगवाला माणूस होता आणि कोणाचा ते कधीच न ठरलेला एक कुत्रा होता. या सगळ्यातून, दोन बोटे रुंदीच्या रुळांवरून, काळे इंजिन चार डबे घेऊन फिरे. या गाडीला खेळणे म्हणायला मनाई होती. एकदा जिना झाडायला आलेल्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "छान आहे हो खेळणं," आणि अध्यक्षांना दोन दिवस जेवण गेले नाही.

सचिव वजनमापे कार्यालयातून निवृत्त झाले होते. दुकानदारांची वजने तपासायची आणि बरोबर असली तर शिक्का मारायचा, यात त्यांची उमर गेली. एखादी गोष्ट बरोबर आहे की नाही हे तिच्यावरच्या शिक्क्यावरून कळते, अशी त्यांची साधी श्रद्धा होती, आणि तिने त्यांना आजवर दगा दिला नव्हता. मंडळात त्यांना सचिव म्हणत, घरात आजोबा.

घरात म्हणजे त्यांची लेक आणि लेकीची लेक. लेक इस्पितळात परिचारिका होती. तिच्या पाळ्या सांभाळता सांभाळता नात आजोबांच्या वाट्याला आली होती. नातीला सगळे ठमी म्हणत. दर रविवारी आजोबांचे बोट धरून ती मंडळात यायची, टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवायची आणि गाडी बोगद्यात शिरली की बाहेर येईपर्यंत श्वास रोखून धरायची. टेबलाला हात लावायचा नाही हे तिला सांगितलेले होते. तिने तो कधी लावला नाही.

एका सकाळी दूध पिता पिता तिने विचारले, "आजोबा, मी चालवू का गाडी?"

"चालव की," आजोबा म्हणाले.

"कधी?"

"रविवारी."

त्याच आठवड्यात लेकीची बदली झाल्याचे कळले. शाळेचे वर्ष संपले की मायलेकींना दूरच्या गावी जायचे होते. आजोबांनी ते ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि मनाशी म्हटले, निदान पोरीने गाडी चालवलेली असू दे. मग आपण तिला कसे आठवू याची चिंता नाही. एवढ्यासाठीच त्यांनी विषय सभेपुढे ठेवला. न ठेवता गुपचूप बटण तिच्या हाती दिले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते, पण शिक्का नसलेले वजन ते कसे वापरणार?

"नियमात मनाई आहे का?" अध्यक्षांनी विचारले. अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते आणि अजूनही समोरच्या माणसाच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघून बोलत.

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्या मंडळाच्या एकमेव महिला सभासद होत्या आणि नियमावली त्यांच्या पर्समध्ये असे. "आणि हीच अडचण आहे. मनाई असती तर ती उठवता आली असती. जी नाहीच ती उठवायची कशी?"

"माझं काही म्हणणं नाही," स्टेशनमास्तर म्हणाले. त्यांचे पडद्यांच्या कापडाचे दुकान होते, पण रविवारी ते टोपी घालून येत आणि शिट्टी त्यांच्याकडे असे, म्हणून ते स्टेशनमास्तर. "फक्त प्रवाशांच्या सुरक्षिततेचं काय, तेवढं बघा."

सगळ्यांनी फलाटाकडे पाहिले. छत्रीवाली बाई निश्चिंत उभी होती. बालचालक धोरण उपसमिती तिथल्या तिथे नेमली गेली, आणि विषय सचिवांचाच असल्याने मसुदा लिहायचे काम त्यांच्याकडे आले.

उपसमितीने पहिल्याच बैठकीत ठमीला टेबलापाशी उभे केले. तिचा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. स्टूल देण्याचे ठरले. स्टुलावरून मूल पडू शकते, म्हणून स्टुलाला कठडा करण्याचे ठरले. सुताराने तो भक्कम केला. ठमी आत उभी राहिली तेव्हा तिला डोंगर, पूल, तळे, स्टेशन असे सगळे स्वच्छ दिसत होते, फक्त कठड्यातून हात बाहेर निघत नव्हता. बाकी व्यवस्थेत काही खोट नव्हती. कठडा थोडा कापावा असे सचिवांनी सुचवले. पण कापलेला कठडा हा कठडा राहतो का, यावर वकीलबाईंना वेळ हवा होता.

"आज चालवायची का?" ठमीने कठड्याआडून विचारले.

"प्रक्रिया चालू आहे," आजोबा म्हणाले.

मग वैद्यकीय तपासणीचा मुद्दा निघाला. गाडी चालवणाऱ्या माणसाची प्रकृती तपासतात हे सगळ्यांनाच मान्य होते, आणि मंडळात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचे, हेही. अध्यक्षांनी ठमीला खिडकीपाशी उजेडात नेले आणि त्यांना जे तपासता येत होते ते तपासले. त्यांचा अहवाल असा होता: उमेदवाराचे दात एकूण बरे आहेत, खालचा पटाशीचा एक हलतो आहे, तूर्त गाडी चालवण्याच्या आड तो येईल असे दिसत नाही.

सचिवांना हायसे वाटले. त्यांनी प्रमाणपत्र लिहिले, अध्यक्षांनी सही केली, शिक्का बसला. ठमीने पुढच्या रविवारसाठी निळा फ्रॉक बाजूला काढून ठेवला. पण शुक्रवारी पाव खाताना तो दात पडला.

"मग आता ते प्रमाणपत्र कुठल्या तोंडाचं?" वकीलबाईंनी शांतपणे विचारले. "त्यात ज्या तोंडाचं वर्णन आहे ते तोंड आता अस्तित्वात नाही."

"नवीन काढू," सचिव म्हणाले.

"काढा. पण दुसरा हलतोय ना?"

दुसरा हलत होता. आणि तेवढ्यात स्टेशनमास्तरांनी तो भयंकर प्रश्न विचारला, जो विचारल्यानंतर मंडळात पुन्हा कोणाला सुखाची झोप लागली नाही. त्यांनी विचारले, "चालू गाडीत दात पडला तर?"

"पडला तर पडला. उचलायचा," सचिव म्हणाले.

"रुळावर पडला तर?" स्टेशनमास्तरांनी टोपी काढली. "आपल्या प्रमाणात बघा जरा. एक दात म्हणजे इंजिनाच्या चाकाएवढा. वरून दरड कोसळल्यासारखंच आहे ते. त्यातून घाटात वळणावर पडला, तर चारही डबे तळ्यात."

सगळे तळ्याकडे बघू लागले. कोणी हसले नाही. सचिव हसणार होते, पण हिशेब त्यांनी मनातल्या मनात करून पाहिला आणि तो बरोबर निघाला. बरोबर निघालेल्या हिशेबापुढे त्यांचा इलाज चालत नसे. त्या संध्याकाळी ते मसुदा घेऊन बसले आणि त्यांनी फार सुबक कलम लिहिले: ज्या चालकाच्या तोंडात हलणारा, पडू शकणारा अथवा काढता येणारा दात आहे, त्यास गाडी चालवता येणार नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचले. खरे सांगायचे तर त्यांना फार बरे वाटले. निवृत्तीनंतर इतके नेटके काही त्यांच्या हातून झाले नव्हते. ठमी बाजूलाच बसून चित्र काढत होती, तिला त्यांनी वाचूनही दाखवले.

"म्हणजे माझे सगळे दात पडून नवे आले की?" तिने विचारले.

"हो. मग कोणाची हरकत राहणार नाही."

"ते कधी येतात?"

आजोबांनी लेकीकडे पाहिले. लेक इस्पितळातून नुकतीच आली होती आणि पाय सोडून बसली होती. "बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालतं ते, बाबा," ती म्हणाली. "आणि आम्ही जातोय मार्चमध्ये."

"मी अपवादाचं कलम घालून घेतो," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही तिला नुसतं एकदा बटण फिरवू द्या ना."

"नुसतं कसं फिरवायचं?" आजोबांनी विचारले. त्यांना खरेच कळत नव्हते.

अपवादाचे कलम सभेत आले, पण त्याआधी वकीलबाईंनी मूळ कलम पुन्हा एकदा मोठ्याने वाचले आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिले. "यात 'चालक' म्हटलंय. 'बालचालक' म्हटलेलं नाही."

"मुलांनाच वेगळं काढल्यासारखं दिसू नये म्हणून," सचिव म्हणाले. तो त्यांचाच बारकावा होता.

"योग्यच आहे. म्हणजे हे आपल्या सगळ्यांना लागू आहे."

टेबलावर गाडी नेहमीसारखी फिरत होती. स्टेशनमास्तरांनी हळूच हात पुढे करून गाडी थांबवली. ती फलाटापासून वीतभर अलीकडे थांबली.

अध्यक्षांनी सभासदांची तपासणी त्याच दिवशी उरकली. स्टेशनमास्तरांच्या वरच्या दाढा काढता-घालता येणाऱ्या होत्या. सचिवांची खालची कवळी होती. वकीलबाईंचे दात त्यांचे स्वतःचे निघाले, पण त्यांतली एक दाढ हलत होती, आणि त्या इतक्या सचोटीच्या की त्यांनी ती स्वतःहून हलवून दाखवली. कवळीचा प्रश्न दातापेक्षा गंभीर आहे, असे स्टेशनमास्तरांचे मत पडले. दात म्हणजे दरड, पण अख्खी कवळी म्हणजे डोंगरच खाली येणार. शेवटी अध्यक्षांच्या दातांचा विषय निघाला. अध्यक्षांनी तपासणीचा आरसा पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी माझी स्वतःची तपासणी करणं नीतीला धरून होणार नाही." कोणी आग्रह केला नाही. त्यांचे हसू गेली कित्येक वर्षे जसेच्या तसे होते, ते सगळ्यांना ठाऊक होते.

गाडी बंद झाली, अपवादाचे कलम राहून गेले. टेबलावर पांढरी चादर घातली गेली, फक्त स्टेशनापुरती दुमडून ठेवली. स्टेशनमास्तरांना वाट पाहत उभ्या असलेल्या प्रवाशांबद्दल वाईट वाटे. त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत एक पाटी रंगवून फलाटावर लावली. 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल मंडळ दिलगीर आहे.' ती वाचायला आम्हा मोठ्या माणसांना भिंग लागे, पण ती आमच्यासाठी नव्हतीच.

आणि गंमत अशी की मंडळाला बरे दिवस आले. पूर्वी रविवारी गाडी दोन फेऱ्या मारी आणि तिसरीला लोक जांभया देत. आता सभा दुपारपर्यंत चालत. हिरडी हा तोंडाचा भाग धरावा की दाताचा, यावर एक उपसमिती बसली. चांदी भरलेल्या दाढेवर दोन रविवार गेले. गावातली इतर मंडळे नियमावलीची प्रत मागू लागली. नळ दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेनेही मागितली, का ते कळले नाही. सचिवांना पत्रांची उत्तरे लिहायला दिवस पुरेना. त्यांचा चेहरा उजळला, चाल सुधारली. लेकीने एकदा त्यांना गुणगुणताना पकडले.

ठमी मात्र दर रविवारी येतच राहिली. कठड्यात उभी राहायची, तोंड उघडून अध्यक्षांना दाखवायची, मग चादरीकडे बघत बसायची. सुरुवातीला ती विचारायची, आज का? पुढे विचारेनाशी झाली. घरी आईने दूध संपव म्हटले की म्हणायची, "प्रक्रिया चालू आहे."

वर्षअखेरीस अशा सगळ्या रेल्वे मंडळांच्या मध्यवर्ती संघाची सुरक्षिततेची ढाल आली. संपूर्ण वर्षात एकही गाडी रुळावरून घसरली नाही असे हे एकच मंडळ होते. ढाल द्यायला पाहुण्या आल्या. त्यांना गुच्छ द्यायला ठमीला उभे केले. स्टेशनमास्तरांनी शिट्टी वाजवली.

"ही आमच्या बालचालक उपक्रमाची पहिली लाभार्थी," अध्यक्ष म्हणाले.

पाहुण्या वाकल्या. "अगं बाई. मग तू चालवतेस गाडी?"

"नाही," ठमी म्हणाली. "पण माझे दात बघतात."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि भाषणात म्हणाल्या की मुलांना लहानपणापासून यंत्रांच्या जवळ आणण्याचे असे काम सगळीकडे व्हायला हवे. सचिवही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे लक्ष ठमीकडे गेले. ती टाळ्या वाजवत होती, अगदी मोठ्या माणसासारखी, तळव्यांचा आवाज न करता. सचिवांचे हात थांबले. आपण या पोरीला एक शब्द दिला होता हे त्यांना आठवले, आणि लाज वाटली. वजनमापे कार्यालयात कितीतरी दुकानदारांना त्यांनी मापात मारल्याबद्दल दंड केला होता.

जाण्याच्या आदल्या दुपारी घरात खोकी बांधून ठेवलेली होती. लेक भांडी कागदात गुंडाळत होती. आजोबांनी खुंटीवरची मंडळाची किल्ली घेतली, ठमीच्या पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

"आज रविवार नाही," ठमी म्हणाली.

"माहीत आहे."

वाचनालय बंद होते. जिन्यात फिनाइलचा वास होता. आजोबांनी कुलूप काढले, चादर ओढून बाजूला टाकली आणि वीज चालू केली. स्टेशनाचे इवलेसे दिवे लागले. छत्रीवाली बाई, बॅगवाला आणि कुत्रा जागच्या जागी होते. गाडी फलाटापासून वीतभर अलीकडे उभी होती. आजोबांनी कठड्याचे स्टूल ढकलून कोपऱ्यात लावले, साधी खुर्ची ओढली, तिच्यावर ठमीला उभे केले आणि तिचा हात धरून बटणावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते शिक्का नसलेली गोष्ट करत होते, आणि त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता.

"फिरव," ते म्हणाले.

ठमीने बटणाकडे पाहिले. मग बोगद्याकडे पाहिले. तिच्या गालाच्या आत जीभ फिरताना दिसली. तिने हात काढून घेतला.

"हलतोय," ती म्हणाली.

"काय?"

"दात. वरचा."

"हलू दे गं. फिरव तू."

"रुळावर पडला तर?"

"नाही पडणार. आणि पडला तर पडला. आपण उचलू."

ठमीने त्यांच्याकडे पाहिले. ते बघणे वकीलबाईंचे होते, चष्मा तेवढा नव्हता. "असं कसं, आजोबा? तुम्हीच लिहिलंय ना?"

"मी लिहिलं, आता मीच सांगतो, चालव."

"सभेत नाही सांगितलं," ठमी म्हणाली.

आजोबा खाली बसले. तिथूनच म्हणाले, "बरं. मग मी चालवतो. तू बघ. बोगद्यात शिरली की श्वास धर पूर्वीसारखा."

"आ करा," ठमी म्हणाली.

त्यांनी आ केला. तिने खुर्चीवरून उतरून त्यांना खिडकीपाशी उजेडात नेऊन बसवले, हनुवटीला बोट लावून तोंड वर करायला लावले आणि अध्यक्षांसारखे डोके तिरके करून नीट पाहिले. "खालचे तुमचे नाहीत," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने समजुतीने त्यांच्या खांद्यावर थोपटले. मग खुर्चीवर चढून वीज बंद केली, चादर ओढली, आणि स्टेशनापाशी ती दुमडून ठेवली, प्रवाशांचा श्वास कोंडू नये म्हणून.

आजोबांना रडू आले. ते त्यांनी आवरले नाही. रडण्याबद्दल नियमावलीत काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मायलेकी गेल्या. संध्याकाळी लेकीचा फोन आला. प्रवास नीट झाला, ठमीचा दात वाटेत पडला. "तो तिने रुमालात बांधून ठेवलाय, बाबा. आणि सभेत कळवायला सांगितलंय."

सचिवांनी ते पुढच्या सभेत कळवले. मंडळाने नोंद घेतली.

मंडळ अजून आहे. गाडीही आहे, फलाटापासून वीतभर अलीकडे. रविवारी सकाळी कोणालाही येऊन ती बघता येते, लहान मुलांना तर खास जागा आहे, कठड्याची. नव्या सभासदांची मंडळाला गरज आहे, आणि त्यासाठी रेल्वेची आवड असलीच पाहिजे असे नाही. फक्त एक साधी परीक्षा असते. हा वृत्तांत वाचताना ज्यांची जीभ एकदा तरी आपल्याच दातांवरून चाचपत फिरून आली, ते सगळे पास समजले जातात. आपले अभिनंदन. येताना तोंड घेऊन या, बटणाला हात लावू नका.